जाहिरातींतील शेतकऱ्याची साक्ष व कायद्यानें घातलेली मर्यादा

शेतांत एकदां पेरलेलें बीं परत घेतां येत नाहीं. दुकानांतून आणलेलें कापड नापसंत पडल्यास बदलून मिळतें. परंतु बियाणें फसलें अगर औषध निरुपयोगी निघालें, तर त्याचा प्रत्यय येईपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. यामुळेंच कोणतीही नवी वस्तु घेण्यापूर्वीं शेतकरी दुकानदाराच्या बोलण्यापेक्षां ती ज्यानें वापरली त्याच्या बोलण्यावर अधिक भिस्त ठेवतो. "अमक्यानें गेल्या सालीं हें लावलें होतें, त्याचें रान पाहून ये," हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो शहाणपणाचाच आहे.

ही गोष्ट माल विकणारांनाही पक्की ठाऊक आहे. म्हणूनच बियाणें, खतें, औषधें व अवजारें यांच्या जाहिरातींत शेतकऱ्याचें छायाचित्र, त्याचें नांव व गांव, आणि "माझें उत्पन्न दुप्पट झालें" अशा अर्थाचे त्याचे शब्द छापलेले आढळतात. पूर्वीं हीं प्रशस्तिपत्रें पत्रकांत व मासिकांत येत; आतां तीं रस्त्यावरील फलकांवर, व्हॉट्सॲपवर व यूट्यूबवरील व्हिडिओंतही येतात. सारोळ्याच्या वरच्या अंगास भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत भात करणारा शेतकरी असो, कीं नीरेच्या कांठानें ऊंस व भाजीपाला करणारा असो, खरिपाच्या तोंडीं अशा दोनचार तरी साक्षी त्याच्या पुढें येतातच. इतकेंच नव्हे, तर ज्याचें पीक नांवाजलेलें आहे त्याच्या बांधावर कंपनीचा प्रतिनिधि येऊन स्वतः त्याचीच साक्ष मागतो. म्हणजे आपला शेतकरी या व्यवहारांत दोन नात्यांनीं उभा असतो : साक्ष ऐकणारा म्हणून व साक्ष देणारा म्हणून. या दोन्ही बाबतींत आपल्या देशांत आतां निश्चित नियम झालेले आहेत. ते माहीत असणें दोघांच्याही हिताचें असल्यामुळें त्यांचें विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

कायद्याच्या दृष्टीनें साक्ष कोणती ?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलांत येऊं लागला. जाहिरातींतील शिफारशीची व्याख्या या कायद्यानें केली असून ती चांगलीच व्यापक आहे. एखाद्या व्यक्तीचा संदेश, तिचें तोंडी निवेदन किंवा तिनें दाखविलेलें प्रात्यक्षिक. तिचें नांव, सही, छायाचित्र किंवा जिच्यावरून ती ओळखतां येईल अशी कोणतीही खूण. त्याचप्रमाणें एखाद्या संस्थेचें नांव वा मुद्रा, ह्या सर्वांचा समावेश तींत होतो. मात्र जाहिरात पाहणाराला हें त्या व्यक्तीचें वा संस्थेचें स्वतःचें मत, निष्कर्ष किंवा अनुभव आहे असें वाटलें पाहिजे.

या व्याख्येंत दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, शिफारस करणारा म्हणजे केवळ सिनेमांतील नट किंवा क्रिकेटपटूच असतो असें नाहीं. ज्याचें नांव चार गांवांपलीकडे कोणास ठाऊक नाहीं असा शेतकरीही, त्याचें छायाचित्र व अनुभव जाहिरातींत येतांच, शिफारस करणारा ठरतो. दुसरी गोष्ट सहकारी संस्था, शेतकरी मंडळें व उत्पादक कंपन्या यांच्या पंचांनीं विशेष लक्षांत ठेवावी. संस्थेचा शिक्का किंवा नांव एखाद्या मालाच्या जाहिरातीवर छापूं देणें म्हणजे सर्व सभासदांच्या वतीनें साक्ष देण्यासारखेंच आहे.

एक जुनें उदाहरण

जाहिरातींत शेतकऱ्याच्या अनुभवाचा उपयोग करणें हें मूळांत वाईट नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केले तेव्हां लोखंडाच्या स्पर्शानें जमीन बिघडते अशी लोकांची समजूत होती, व नांगरांस फार काळ गिऱ्हाईक मिळालें नाहीं. अशा वेळीं ज्यानें नांगर चालविला त्याचा शब्द हाच खरा उपाय असतो. पुढें १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं कारखान्यातर्फें मासिक काढलें, त्याचें नांवच "किर्लोस्कर खबर" असें होतें. तें हातांत घेणाराला पहिल्याच दृष्टिक्षेपांत कळे कीं, ही खबर कारखानदाराकडून आलेली आहे. तेव्हां तिला किती वजन द्यावयाचें हें वाचकानें आपल्यापुरतें ठरवावें. बोलणारा कोण व त्याचा संबंध काय हें आधींच उघड असलें, म्हणजे प्रशंसा ऐकण्यांत धोका राहत नाहीं. तो संबंध झांकला गेला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे.

भांबराजा व अंतरगांव येथील प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा व अंतरगांव या दोन गांवांविषयीं ऑक्टोबर २००८ मध्यें "टाइम्स ऑफ इंडिया" या पत्रांत पानभर मजकूर आला. बीटी कापसामुळें या गांवांचें भाग्य उजळलें असून तेथें एकही आत्महत्या झालेली नाहीं, असा त्याचा आशय होता. यवतमाळचा हा दौरा महिको मोन्सँटो बायोटेक या कंपनीनें आंखला होता अशी ओळ त्या मजकुराखालीं होती. पुढें २८ ऑगस्ट २०११ रोजीं तोच मजकूर, शब्दांत फरक न करतां, त्याच पत्रांत पुन्हां पानभर प्रसिद्ध झाला; परंतु या वेळीं तो "मार्केटिंग फीचर", म्हणजे विक्रीसाठीं दिलेली जाहिरात, म्हणून आला. जो मजकूर एकदां बातमी होता तोच तीन वर्षांनीं जाहिरात झाला.

मार्च २०१२ मध्यें संसदेची शेतीविषयक स्थायी समिति त्या भागांत गेली, तेव्हां गांवकऱ्यांनीं तिच्यापुढें निराळीच हकीकत मांडली. पत्रकार पी. साईनाथ यांनीं १० मे २०१२ रोजीं "द हिंदू" मध्यें या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत दिला. गांवांत आत्महत्या झालेल्या आहेत असें भांबराजाच्या लोकांनीं सांगितल्याचें त्यांत नमूद आहे. ज्या शेतकऱ्याच्या भरभराटीचा दाखला देण्यांत आला होता, त्याच्या वर्षाच्या सुमारें दोन लक्षांच्या प्राप्तीपैकीं एक लक्ष साठ हजार रुपये विम्याच्या पॉलिसी विकून मिळाले होते, असेंही त्यांत त्याच्याच तोंडून आलें आहे. कंपनीचें म्हणणें असें होतें कीं, २००८ चा मजकूर संपादकांनीं शेतकऱ्यांशीं बोलून लिहिलेला होता, कंपनीनें फक्त शेतापर्यंत जाण्यायेण्याची सोय केली. व २०११ चा मजकूर हें त्याचेंच जसेंच्या तसें पुनर्मुद्रण होय. त्याच सुमारास कंपनीच्या दुसऱ्या एका जाहिरातींत, कापूस उत्पादकांचें उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांहून अधिक वाढल्याचा दावा होता. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था जी भारतीय जाहिरात मानक परिषद (१९८५ सालीं स्थापन झालेली), तिनें तो दावा पुराव्यानें शाबीत झाला नाहीं असा निर्णय दिल्याचेंही त्याच वृत्तांतांत आहे.

बीटी कापूस चांगला कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. येथें पाहण्याची गोष्ट अशी कीं, वाचकापुढें शेतकऱ्याची भरभराट आली, पण विम्याच्या दलालीचा पैसा आला नाहीं. गांवचें वर्णन आलें, पण तें बातमी म्हणून वाचावें कीं जाहिरात म्हणून, हें एकाच मजकुराच्या बाबतींत दोन वेळां दोन प्रकारें ठरलें. ज्यांचीं नांवें व गांवें त्यांत छापलीं गेलीं त्या शेतकऱ्यांच्या हातीं त्या मजकुराची लगाम मुळींच नव्हती.

आजचे नियम

हें प्रकरण घडलें तेव्हां शिफारशीसंबंधीं स्पष्ट कायदा नव्हता. २०१९ च्या अधिनियमानें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केलें, व या प्राधिकरणानें ९ जून २०२२ रोजीं फसव्या जाहिराती व त्यांतील शिफारशी यांस प्रतिबंध करणारीं मार्गदर्शक तत्त्वें जारी केलीं. त्यांतील आपल्या उपयोगाचीं कलमें थोडक्यांत अशीं सांगतां येतील.

पहिलें, शिफारस ही ती करणाराच्या मनांतील खरें व सध्यांचें मत असली पाहिजे. पांच वर्षांपूर्वीं एक वाण लावून पाहिलें, पुढें सोडून दिलें, आणि आजही त्याची स्तुति छापूं दिली, तर ती या कसोटीस उतरत नाहीं.

दुसरें, त्या मताला वस्तूची पुरेशी माहिती किंवा तिचा प्रत्यक्ष अनुभव यांचा आधार हवा. बाटली हातांत धरून छायाचित्र काढलें, पण फवारणी केलीच नाहीं, अशी साक्ष मुळांतच बाद होय.

तिसरें, व सर्वांत महत्त्वाचें. शिफारस करणारा आणि उत्पादक, व्यापारी किंवा जाहिरातदार यांच्यामध्यें, शिफारशीच्या विश्वसनीयतेवर परिणाम होईल असा कांहीं संबंध असेल, व तसा संबंध असेल अशी सामान्य प्रेक्षकाला सहजीं कल्पना नसेल, तर तो संबंध पूर्णपणें उघड केला पाहिजे.

चौथें, जाहिरातींत खालीं बारीक टीप देऊन वरचा मोठा दावा पुसून टाकतां येत नाहीं. टीप ही दाव्याच्याच भाषेंत व ठळकपणें दिसेल अशी असावी लागते. मराठींत "दुप्पट उत्पन्न" असें मोठ्यानें सांगून खालीं इंग्रजींत "परिस्थितीप्रमाणें फरक पडेल" असें छापणें नियमास धरून नाहीं.

या नियमांस जोडून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २० जानेवारी २०२३ रोजीं, समाजमाध्यमांवर अनुयायी असलेल्या व्यक्तींकरितां एक पुस्तिका प्रसिद्ध केली. शेतीविषयक वाहिनी चालविणाऱ्या आपल्या तरुण शेतकऱ्यांनीं ती अवश्य पाहावी. मोबदल्याची शिफारस असेल तेथें "जाहिरात", "प्रायोजित" किंवा "सशुल्क प्रसिद्धि" असे साधे शब्द वापरावेत. ते शिफारशीच्याच भाषेंत असावेत व सहज नजरेस पडावेत. व्हिडिओ असल्यास केवळ अक्षरांत न देतां तोंडानेंही सांगावें. आणि थेट प्रक्षेपण असल्यास ती सूचना सतत दिसत राहावी, असें तींत सांगितलें आहे.

हितसंबंध कशास म्हणावें ?

"मीं पैसे घेतले नाहींत, मग मला काय सांगावयाचें आहे ?" असें पुष्कळांस वाटतें. परंतु हितसंबंध म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. २०२३ च्या पुस्तिकेंत विनामूल्य मिळालेला माल (न मागतां आलेला सुद्धां), सूट, बक्षीस, प्रवास व मुक्काम यांचा खर्च, तसेंच नातें, मैत्री किंवा नोकरीचा संबंध, या सर्वांची गणना केलेली आहे. शेतकऱ्याच्या व्यवहारांत हीच यादी पुढीलप्रमाणें दिसते : प्रात्यक्षिकाच्या प्लॉटसाठीं फुकट दिलेलें बियाणें वा औषध, दर एकरीं दिलेला लागवडीचा खर्च, कंपनीनें घडविलेली सहल, मेळाव्यांत दिलेला पंप, भावाचें किंवा मेव्हण्याचें कृषि सेवा केंद्र, आणि स्वतःकडे असलेली त्या मालाची एजन्सी.

यांपैकीं एकही गोष्ट स्वीकारणें हा गुन्हा नाहीं. नव्या वाणाची परीक्षा कोणाच्या तरी रानांत व्हावयासच पाहिजे, आणि त्या जोखमीबद्दल शेतकऱ्यास कांहीं मिळालें तर त्यांत अनुचित तें काय ? दोष घेण्यांत नाहीं, लपविण्यांत आहे. ज्यानें बियाण्याची पिशवी विकत घेतली व ज्याला ती फुकट मिळाली, त्या दोघांचें तोट्याकडे पाहण्याचें माप एक नसतें. फुकट मिळालेल्या पिशवीवर एकरीं एक पोतें अधिक आलें तर तो नफाच. परंतु विकत घेणाऱ्यास त्या पोत्यांतून आधीं पिशवीची किंमत वजा करावी लागते. म्हणून ऐकणाराला हा फरक कळणें अवश्य आहे.

संस्थांनाही हेंच माप लागू करावें. ज्या सोसायटीचें स्वतःचें खतविक्री केंद्र आहे, तिनें आपल्या पत्रकांत एखाद्या खताची वाखाणणी करतांना "हें खत आमच्या केंद्रांत विक्रीस आहे" एवढें एक वाक्य जोडल्यास सभासदांचा विश्वास कमी न होतां वाढेल.

खरी साक्षही फसवी कां ठरते ?

येथें एक सूक्ष्म मुद्दा आहे. साक्ष देणारा अक्षरशः खरें बोलत असूनही जाहिरात फसवी असूं शकते. समजा, एका कंपनीनें चाळीस शेतकऱ्यांस आपलें द्रावण दिलें. त्यांपैकीं छत्तीस जणांस कांहीं फरक दिसला नाहीं, व चौघांचें पीक उत्तम आलें. कंपनीनें त्या चौघांचींच छायाचित्रें छापलीं. चौघेही खरें बोलले, पण छत्तीस जणांचें मौन वाचकाला कळलें नाहीं. कायद्यानें म्हणूनच महत्त्वाची माहिती मुद्दाम दडविणारी जाहिरातही फसवीच मानली आहे.

अशा प्रकारचा एक निवाडा प्राधिकरणानें दांतांच्या पेस्टच्या बाबतींत दिलेला आहे. "जगभरचे दंतवैद्य हिची शिफारस करतात" अशा सेन्सोडाइनच्या दाव्याच्या पुष्ट्यर्थ केवळ भारतांतील दंतवैद्यांच्या दोन पाहण्या पुढें करण्यांत आल्या. तेव्हां मार्च २०२२ मध्यें प्राधिकरणानें ती जाहिरात बंद करण्याचा हुकूम देऊन १० लक्ष रुपये दंड ठोठावला. जो न्याय दंतवैद्यांच्या नांवाला, तोच "लाखों शेतकऱ्यांची पसंती" या शब्दांनाही लागू पडावा हें उघड आहे.

दुसरें कारण शेतीच्या स्वरूपांतच आहे. मावळांतील एखाद्या शेतकऱ्यानें इंद्रायणी भात चारसूत्री पद्धतीनें केला असें धरा. गिरिपुष्पाचा पाला गाडला, नियंत्रित अंतरावर लावणी केली, युरिया-डीएपीच्या ब्रिकेट खोंचल्या, पाऊसही वेळेवर पडला. आणि शेवटीं एका बाटलींतील द्रावणाची फवारणी केली. पीक भरघोस आलें. मग प्रतिनिधि येऊन बाटलीसह छायाचित्र घेऊन गेला. त्या पिकांत बाटलीचा वांटा किती, हें तुलनेसाठीं न फवारलेला पट्टा राखल्यावांचून सांगतां येणें अशक्य आहे. कारण गाडलेला पाला व वेळेवर पडलेला पाऊस कांहीं छायाचित्रांत येत नाहींत.

तेव्हां साक्ष द्यावयाचीच असेल तर ती कशी असावी, याचा एक नमुना येथें देतों : "अमुक सालच्या खरिपांत माझ्या वीस गुंठे इंद्रायणी भातावर हें द्रावण दोनदां फवारलें. द्रावण कंपनीनें मला विनामूल्य दिलें होतें. शेजारचे वीस गुंठे न फवारतां ठेवले होते. लावणी, खत व पाणी दोन्हींकडे सारखें होतें. फवारलेल्या भागांत इतकें व न फवारलेल्या भागांत इतकें भात वजन करून मिळालें." या साक्षींत एकही विशेषण नाहीं, आणि तरीही दुसऱ्या शेतकऱ्याला हिशेब करण्यास लागणारें सर्व तींत आहे.

नांव देण्यापूर्वीं घ्यावयाची खबरदारी

फसव्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण उत्पादकास किंवा शिफारस करणारास पहिल्या वेळीं १० लक्ष रुपयांपर्यंत व पुन्हां तसेंच केल्यास ५० लक्ष रुपयांपर्यंत दंड करूं शकतें. शिफारस करणारास एक वर्षपर्यंत, व पुनः अपराध घडल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही मालाची शिफारस करण्यास मनाई करतां येते. परंतु ज्यानें शिफारस करण्यापूर्वीं दाव्याच्या सत्यतेची योग्य ती चौकशी केली होती, त्यास हा दंड होत नाहीं. हीच सवलत आपला बचाव आहे, व ती मिळण्यासाठीं कांहीं कागद जवळ असावे लागतात.

म्हणून जाहिरातीसाठीं नांव देणाऱ्या शेतकऱ्यानें पुढील दक्षता घ्यावी. जो मजकूर छापला जाणार तो मराठींत लिहून घ्यावा, वाचावा, व त्याची एक प्रत सहीनिशीं आपल्याजवळ ठेवावी. कोऱ्या कागदावर किंवा न समजणाऱ्या भाषेंतील मजकुरावर सही करूं नये. आपल्या शब्दांत फेरफार करावयाचा झाल्यास पुन्हां विचारलें पाहिजे, व ही साक्ष अमुक हंगामानंतर वापरतां येणार नाहीं, अशी अट त्याच कागदांत घालावी. कंपनीकडून जें मिळालें त्याचा उल्लेख मजकुरांतच करावयास लावावा. व्हिडिओ घेऊं दिला असेल तर त्याचीही प्रत मागून घ्यावी. कारण दहा मिनिटांच्या बोलण्यांतील सोयीचें अर्धें मिनिट काढून वापरणें फार सोपें आहे.

मासिकें व वृत्तपत्रें यांनाही जबाबदारी आहे. फसवी जाहिरात प्रसिद्ध करणारासही दंड होऊं शकतो. मात्र धंद्याच्या नेहमींच्या ओघांत ती छापली असल्यास, व ती बंद करण्याचा प्राधिकरणाचा हुकूम आधीं ठाऊक नसल्यास, त्याचा बचाव होतो. म्हणून ज्या पानाचे पैसे मिळाले आहेत त्यावर "जाहिरात" हा शब्द स्पष्ट छापणें ही कोणत्याही शेतकी मासिकाची पहिली नीति असली पाहिजे.

खरेदी करणारानें काय करावें ?

साक्ष ऐकणाऱ्यानें प्रथम चार गोष्टी विचाराव्या. हा अनुभव कोणत्या सालचा आहे ? कोणत्या जमिनींत व किती पाण्यावर ? कशाच्या तुलनेंत उत्पन्न वाढलें ? आणि या गृहस्थाला माल विकत मिळाला कीं फुकट ? फलकावर गांवाचें नांव असेल व तें जवळपासचें असेल, तर त्या बांधावर स्वतः जाऊन यावें. एसटीच्या भाड्यापेक्षां बियाण्याची पिशवी पुष्कळ महाग असते.

नंतर फलकावरील शब्दांपेक्षां वेष्टनावरील शब्दांस अधिक मान द्यावा. कीटकनाशकाच्या लेबलावर व सोबतच्या माहितीपत्रकांत कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठीं व किती प्रमाणांत तें वापरावें हें दिलेलें असतें. त्यांत नसलेला गुण जाहिरातींतील साक्षीनें उत्पन्न होत नाहीं. पिकाची वाढ करणारीं म्हणून विकलीं जाणारीं जैव-उत्तेजकें २०२१ सालीं खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेंत आलीं आहेत. म्हणून असें द्रावण घेतांना तें त्या आदेशाप्रमाणें मान्य आहे काय, याची विचारणा करावी. पक्कें बिल, रिकामी पिशवी किंवा बाटली, तिच्यावरील लॉट नंबर, आणि जी जाहिरात पाहून माल घेतला तिचें पत्रक किंवा छायाचित्र, हें सर्व पीक घरीं येईपर्यंत जपून ठेवावें.

बियाण्यांच्या बाबतींत आणखी एक तरतूद फार थोड्यांस ठाऊक आहे. पिकांचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा जो २००१ चा अधिनियम आहे, त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें, नोंदणी झालेल्या वाणाचें बियाणें विकतांना पैदासकारानें दिलेल्या परिस्थितींत किती उत्पन्न अपेक्षित आहे तें शेतकऱ्यास सांगितलें पाहिजे. व तसें उत्पन्न न आल्यास शेतकऱ्यास त्या कायद्याखालील प्राधिकरणाकडे भरपाई मागतां येते. दुसऱ्याच्या प्रशस्तिपत्रापेक्षां पैदासकाराचें हें स्वतःचें विधान मागून घेणें किती तरी अधिक मोलाचें आहे.

फसगत झालीच तर गप्प बसूं नये. शेतकरी हा ग्राहकच आहे हें सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय बियाणें महामंडळाच्या प्रकरणांत जानेवारी २०१२ मध्यें निःसंदिग्धपणें सांगितलें. पेरणी करतांना शेतकऱ्यानें परीक्षेसाठीं बियाणें मागें ठेवावें अशी अपेक्षा करतां येत नाहीं, असेंही त्या निकालांत म्हटलें आहे. फसव्या जाहिरातीविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करतां येते. भरपाईसाठीं जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत ५० लक्ष रुपयांपर्यंत असलेलीं प्रकरणें तेथें चालतात, ५ लक्षांपर्यंत फी लागत नाहीं, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत दाखल करावी लागते. प्रथम सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. पिकाची पाहणी मात्र पीक उभें असतांनाच झाली पाहिजे, यासाठीं तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे तत्काळ अर्ज द्यावा.

एक आक्षेप व त्याचें उत्तर

कांहीं लोक म्हणतील कीं, "कंपनीनें फुकट दिलें" असें सांगितल्यावर आपल्या शब्दाला कोण विचारील ? या आक्षेपांत तथ्य असतें, तर लपविण्याची युक्ति दीर्घकाळ यशस्वी झाली असती. परंतु गांव लहान असतें. कोणाकडे कोणाची गाडी आली, कोणाला पंप मिळाला, हें चार दिवसांत पारावर कळतेंच. तें दुसऱ्याकडून कळलें म्हणजे साक्षीदाराचा तो शब्द तर जातोच, पण पुढचे सर्व शब्दही जातात. तेंच त्यानें आधीं स्वतः सांगितलें असेल, तर ऐकणारा थोडी वजावट करून उरलेलें खरें मानतो. कोर्टांत साक्षीदाराचें पक्षकाराशीं असलेलें नातें विचारलें जातें, तेंही एवढ्याचसाठीं. नातें आहे म्हणून साक्ष फेंकून दिली जात नाहीं, पण तें ठाऊक असल्यावांचून तिचें वजनही करतां येत नाहीं.

दोन शेतकऱ्यांनीं बांधावर बसून एकमेकांस आपला अनुभव सांगावा, त्यांत चूक व्हावी, अतिशयोक्ति व्हावी, यांत कायदा पडत नाहीं. तो शब्द विक्रीसाठीं वापरला जाऊं लागला म्हणजेच हे नियम सुरू होतात. आपल्या पंचक्रोशींत ज्याचें पीक उत्तम, त्याच्या नांवावर विश्वासून दहा घरें आपला हंगाम पणास लावतात. त्यांतील एखाद्या घरीं सोसायटीचें कर्ज असतें, तर एखाद्या घरीं मुलीचें लग्न ठरलेलें असतें. म्हणून येत्या मृगापूर्वीं जो कोणी फलकासाठीं आपलें छायाचित्र देईल, त्यानें एवढेंच करावें : माल कोणी दिला, तो किती रानांत वापरला, व तुलनेच्या पट्ट्यांत काय आलें, या तीन गोष्टी त्याच फलकावर, त्याच अक्षरांत लिहावयास लावाव्या. कंपनीनें त्यास नकार दिला, तर त्या फलकावर आपलें नांव नसलेलेंच बरें.